खालचा थर

कुरेस्सारेच्या वाचनालयात, वरच्या मजल्यावर,
अकरा माणसं आणि एक झोपलेला कुत्रा.
पडद्यावर माझं चित्र: नास्वाचा धक्का,
पहाटेची एकटी होडी, पाण्यावर बदामी उजेड.
प्रोजेक्टर तो जरा हिरवट करतो,
त्याला माझा इलाज नाही.

मी सांगू लागते, आठ महिन्यांत काय काय शिकले.
की सावलीला नुसता काळा घेऊ नये,
चिमूटभर निळा टाकावा, नाहीतर सावलीचं भोक होतं.
की चित्र मधूनमधून आरशातल्यासारखं उलटवावं;
सवयीने सरळ वाटणारी डोलकाठी
तेव्हा कळते किती कललेली.
की धुक्यासाठी मी चौदा ब्रश विकत घेतले
आणि धुकं शेवटी जमलं ते खोडरबराने.
हसतात. मला बरं वाटतं.
की रात्री दोननंतर काढलेलं काहीही
सकाळच्या कॉफीआधी कुणाला पाठवू नये.

आणि चुकलं, तर या दोन कळा.
दाबल्या की चूक झालीच नव्हती.
कागदाचं तसं नसतं, मी म्हणते,
कागद डूख धरतो.

मागच्या रांगेत हेल्डूर. चाळीस वर्षं वाम धरले त्याने,
टोपी गुडघ्यावर, आवाज बसका.
"होडी छान आहे," म्हणतो,
"पण राहायची नाही तिथे.
नैर्ऋत्येचा वारा सुटला की ही पण सुटली.
दोराला एक फास कमी आहे."

सगळे पडद्याकडे बघतात.
चार मीटर रुंद पडदा, आणि त्यात
माझ्या करंगळीएवढी गाठ.
अहो, हे चित्र आहे, असं ओठांवर आलेलं
मी गिळते.
थरांची यादी उघडते. एकशे सव्वीस थर.
प्रत्येकासमोर एक बारीक डोळा,
टिचकी मारली की मिटतो.

उजेड मिटला.
कुरव पक्षी गेले, पाण्यातलं त्यांचं थरथरणं राहिलं,
मग तेही गेलं.
धुकं, ज्याच्यावर आताच एवढी बोलले.
धक्क्याचं ओलं लाकूड, शेवाळ, होडीचा रंग,
रंगाखालचा रंग.
कुत्रा उठतो, कूस बदलतो, पुन्हा झोपतो.

सगळ्यात खाली राखाडी रेघा.
ऑक्टोबरात धक्क्यावर बसून काढलेल्या,
दोन बोटं कापलेला हातमोजा घालून,
वाऱ्याने प्रत्येक रेघ जराशी हललेली.
आणि तिथे, खुंटाला, दोराचे
दोन फास.
नीट. एकामागे एक.

मीच पाहिलेले. मीच काढलेले.
मार्चमध्ये कधीतरी, वळण जड दिसतंय म्हणून,
मीच एक पुसला असणार.
आठवत नाही.
त्या फाइलचं नाव मात्र आठवतं:
'अंतिम, आता खरोखर अंतिम.'

हेल्डूर पुढे येतो, काही न विचारता
माझ्या टॅबलेटची चार्जिंगची वायर उचलतो,
टेबलाच्या पायाला वेढा देतो.
"हा पहिला. ओढ."
ओढते. वायर सरसर निसटते.
पुन्हा वेढा. "हा पहिला. हा दुसरा. ओढ आता."
टेबल सरकतं,
वायर नाही.
तो टोपी घालतो. जिन्यावर त्याची पावलं
बराच वेळ ऐकू येतात.

बाकीचे मग ब्रशांची नावं लिहून घेतात,
एक मुलगी विचारते, टॅबलेट केवढ्याला पडला.

सगळे गेल्यावर उर्वे किल्ल्या घेऊन दारात उभी,
शेवटची बस नऊ दहाची,
आणि मी टेबलाखाली गुडघ्यांवर.
गाठीत नख शिरत नाही.
उजवा हात ओढतोय, ढिलं करतोय, ओढतोय,
आणि डाव्या हाताची दोन बोटं
फरशीवर, आपली आपणच,
त्या दोन कळा दाबतायत.